सर ओरडतात का?

समोरच्या फुटपाथवर नवं ड्रायव्हिंग स्कूल उघडलं, तेव्हा सरांनी त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करायचं ठरवलं. दुर्लक्ष नीट करता यावं म्हणून ते रोज सकाळी आपल्या जुन्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि तिथे कोण गेलं, कोण आलं, किती वेळ थांबलं, हे जेवणाच्या वेळेपर्यंत बघत राहत. तिथलं काचेचं दार आपोआप उघडायचं. गाड्यांना अजून नव्या सीटचा वास येत असावा, असं त्यांच्याकडे लांबून बघूनही वाटायचं. आणि सगळ्यात झोंबणारी गोष्ट म्हणजे, आत जाणाऱ्या माणसाला आत जाण्याआधीच सगळं ठाऊक असायचं. वर्ग कधी, गाडी कुठली, शिकवणार कोण. त्या लोकांची वेबसाइट होती.

"आपल्याकडे पाटी आहे," सर म्हणाले.

पाटी होती, हे खरं. तिच्यावर स्टिअरिंगचं चित्र होतं, खाली ठळक अक्षरांत ‘शिस्त हीच सुरक्षा’ होतं आणि त्याखाली फोन नंबर होता. नंबराचा शेवटचा आकडा उन्हाने पार पुसून टाकला होता. त्यामुळे पाटी वाचून फोन करणाऱ्याचा फोन आधी एका पलंगवाल्याकडे, मग एका वकिलाकडे लागे, आणि जो चिकाटीचा असेल तोच शेवटी स्कूलपर्यंत पोचे. प्रवेशपरीक्षेची ही पद्धत सरांना पसंत होती. पण हल्ली चिकाटीची माणसं कमी झाली होती, आणि उरलेली चिकाटी खर्च करून समोरच्या काचेच्या दारात जात होती.

म्हणून एका रविवारी सकाळी स्कूलच्या खोलीत घरच्या चौघांची बैठक बसली. खोली म्हणजे एक टेबल, एक बाक, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि कोपऱ्यात स्टुलावर ठेवलेला, पोट फाडून आतले दाते दाखवणारा खराखुरा गिअरबॉक्स. नवा विद्यार्थी आला की सर त्याला आधी गिअरबॉक्सच्या पोटात बघायला लावत. बरेच जण तिथेच पांढरे पडत.

वेबसाइट जावई बनवणार होता. तो विमा कंपनीत होता, आणि विमा कंपनीत असल्यामुळे त्याला मोठे, गुळगुळीत आणि कुठेच न पकडता येणारे शब्द लिहायची सवय होती. त्याने एक तयार साचा घेऊन पहिलं पान करूनही आणलं होतं. पानभर फोटो होता. एक माणूस गाडी चालवताना सगळे दात दाखवून हसत होता.

सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हा हसतोय का?"

"आनंदात आहे, बाबा."

"रस्त्याकडे बघत नाहीये. आणि याचं स्टिअरिंग उलट्या बाजूला आहे."

जावयाने फोटोकडे नीट पाहिलं. फोटो त्याने शेकडो फोटोंतून निवडला होता, पण निवडताना तोही त्या माणसाच्या दातांकडेच बघत होता. "फोटो बदलता येईल," तो म्हणाला. "मजकूर बघा ना." फोटोवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘गती. विश्वास. आपण.’

"यात क्रियापद कुठे आहे?"

"ते वाचणाऱ्याने मनात धरायचं असतं."

"माझ्या विद्यार्थ्यांना सांगून सांगून क्लच धरता येत नाही, आणि न सांगता क्रियापद धरणार? हे वाचा." सरांनी खिशातून घड्या घातलेले कागद काढले. त्यांनी स्वतः मजकूर लिहिला होता. त्याची सुरुवात चाकाच्या शोधापासून होती. मधे वाफेचं इंजिन येऊन जात होतं. सरांचा जन्म व्हायला बरीच पानं लागली, आणि स्कूल सुरू होईपर्यंत कागद संपले होते.

मुलीने दोन्ही मजकूर शांतपणे वाचले. ती कपडे धुण्याच्या मशीनच्या माहितीपुस्तिका लिहायची. या कामाने तिचा मनुष्यजातीबद्दलचा गैरसमज कायमचा दूर केला होता.

"बाबा, एक सांगू? माहितीपुस्तिका कोणी हौसेनं वाचत नाही. मशीनच्या खालून पाणी यायला लागलं की वाचतात. तेव्हा त्यांना कंपनीचा इतिहास नको असतो, कंपनीचं स्वप्न नको असतं. पाणी कसं थांबवायचं तेवढं हवं असतं. आपलं पान कोण उघडणार? आणि त्याचं पाणी कुठून येतंय?"

"आपण मशीन विकत नाही," सर म्हणाले.

"फोनवर लोक काय विचारतात, ते सांगा. तेच लिहायचं."

फोनवर लोक काय विचारतात, हे सरांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. सर गाडीत असत. फोन काकू घ्यायच्या. तिघांनीही टेबलामागे वळून पाहिलं.

काकू म्हणजे सरांची बायको. पण मुलगी आणि जावई सोडले तर सगळं जग त्यांना काकूच म्हणायचं. स्कूल सुरू झाल्यापासून त्या त्या टेबलामागे होत्या. अर्ज भरायच्या, वेळा लावायच्या, परीक्षेच्या दिवशी रडवेल्या झालेल्यांना पाणी द्यायच्या. गावातली अर्धी गाडीवाली माणसं त्यांच्या टेबलावरून रस्त्यावर गेली होती. काकूंना स्वतःला गाडी येत नव्हती.

शिकायला बसल्या होत्या त्या, एकदा. लग्नानंतरची नवी वर्षं होती. एका चौकात सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. सरांनी जे काही समजावून सांगितलं, ते चौकाच्या चारही कोपऱ्यांतल्या लोकांना समजलं. काकूंनी हँडब्रेक ओढला, उतरल्या, दार अजिबात न आपटता लावलं आणि चालत घरी आल्या. सर बाजूने गाडी हळूहळू चालवत त्यांना "बस, बस" म्हणत होते. काकूंनी मान वळवली नाही. त्या दिवशी त्यांनी तो विषय मिटवला, असं सर समजत होते.

काकूंनी विषय मिटवला नव्हता. त्यांची धाकटी बहीण गेल्या वर्षी शहराबाहेर राहायला गेली होती. तिकडे जाणारी बस बंद झाली. आता बहिणीकडे जायचं म्हणजे सरांनी न्यायचं. सर नेत, अगदी कुरकुर न करता नेत. पण स्वतः गाडीतच बसत, आणि चहा निवायला लागेल एवढ्या वेळाने हॉर्न वाजवत. दोघी बहिणींचं बोलणं गेल्या वर्षभरात एकदाही पूर्ण झालं नव्हतं. बहिणीच्या सुनेचं काय झालं, हे काकूंना अजून निम्मंच कळलेलं होतं. म्हणून गेल्या महिन्यात, सर वर्गावर असताना, काकू परवान्याच्या कार्यालयात जाऊन शिकाऊ परवाना काढून आल्या होत्या. तो पर्समध्ये होता. शिकवणारा कोण, हा प्रश्न तेवढा राहिला होता. समोरच्या काचेच्या दारात जाणं म्हणजे नवऱ्याच्या नाकासमोर घटस्फोट घेण्यासारखं होतं. आणि नवऱ्याकडून शिकायचं तर त्या चौकाचं काय?

"काय विचारतात म्हणजे," काकू म्हणाल्या, "किती दिवस लागतात, विचारतात. पहाटेचा वर्ग आहे का, विचारतात. उंची कमी असली तर चालतं का."

मुलगी भराभर टाइप करत होती. "अजून?"

"चाळिशीनंतर जमतं का."

"छान. अजून?"

"पन्नाशीनंतर?" काकूंनी टेबलावरचं पेन उचलून परत जागेवर ठेवलं. "एकदा शिकता शिकता सोडून दिलेलं असेल, तर परत पहिल्यापासून घेतात का. चौकात गाडी बंद पडली, तर काय करायचं."

"हे कोण विचारतं?" सर म्हणाले.

"आहेत अशा बऱ्याच."

"आणि सगळ्यात जास्त काय विचारतात, आई?"

काकूंनी गिअरबॉक्सकडे पाहिलं. "सगळ्यात जास्त विचारतात, सर ओरडतात का?"

जावई एकदम आपल्या बुटांच्या नाड्या तपासू लागला. त्यालाही सरांनीच शिकवलं होतं, लग्नाआधी. मुलगी द्यायची की नाही हे सरांनी त्याच्या पार्किंगवरून ठरवलं, असं घरात म्हणत.

"मी?" सर म्हणाले. "मी ओरडतो? मी ओरडत नाही. मी ऐकू जाईल असं बोलतो."

"बाबा, तुम्ही आत्ता..." मुलगी म्हणाली.

"इंजिनाचा आवाज असतो! त्याच्यावर आवाज चढवावा लागतो!"

"इंजिन बंद आहे, बाबा. आपण खोलीत आहोत."

शेजारच्या चष्म्याच्या दुकानातून कोणीतरी भिंतीवर टकटक केलं. सरांनी आवाज खाली आणला आणि तो खाली राहावा म्हणून ओठ मिटून घेतले.

मुलीने पडद्यावर नवीन पानाला शीर्षक दिलं, ‘लोक विचारतात’, आणि पहिला प्रश्न तोच ठेवला. "हाच आपला पाण्याचा नळ आहे," ती म्हणाली. "समोरच्यांकडे नव्या गाड्या आहेत म्हणून लोक तिकडे जात नाहीत. तिकडे ओरडत नाहीत म्हणून जातात. याचं उत्तर लिहिलं नाही, तर बाकीचं कोणी वाचणारच नाही."

"मग लिही, नाही."

"खोटं नाही लिहायचं. पहिल्याच वर्गाला उघडं पडेल. पहिल्याच गिअरला."

जावयाला आता आपलं क्षेत्र सापडलं. त्याने सुचवलं, ‘ठाम स्वरातलं अनुभवी मार्गदर्शन’. मग ‘श्रवणीय शिस्त’. मग ‘सरांचा प्रत्येक शब्द आपल्यापर्यंत पोहोचेल, ही आमची हमी’. हे शेवटचं सरांना आवडलं. मुलीने तिन्ही खोडली.

"जुन्या विद्यार्थ्यांना विचारा ना," सर म्हणाले. "अभिप्राय घ्या त्यांचे. त्यांना विचारा, मी कसा आहे."

अभिप्राय प्रत्येक वेबसाइटवर असतात, त्यामुळे ही सूचना कोणालाच मोडता येईना. मुलीने स्पीकर चालू करून दातांच्या डॉक्टरीण बाईंना फोन लावला. त्या सरांच्या पहिल्या तुकडीतल्या.

"सर? सरांबद्दल काय बोलू!" डॉक्टरीण बाई भारावून म्हणाल्या. "आजवर एकदाही सिग्नल तोडला नाही मी. लाल दिवा दिसला की पोटात गोळा येतो अजून. माझ्या पेशंटांना खुर्चीत बसल्यावर जे वाटतं ना, तस्संच."

"लिहून घे," सर म्हणाले. "एकदाही तोडला नाही. पुढचं राहू दे."

मग बेकरीवाल्यांना फोन लावला. बेकरीवाले म्हणाले, सरांसारखा शिक्षक होणे नाही. सरांच्या गाडीतून उतरलो आणि तेव्हाच ठरवलं, आपल्याला सायकलच बरी. आणि सायकलीने गुडघे असे सुधारले की बोलायची सोय नाही.

"हा अभिप्राय सायकलवाल्यांना द्या," सर म्हणाले, आणि बैठक तिथेच मोडली.

निघताना मुलीने त्या प्रश्नाखाली स्वतःसाठी एक ओळ टाकून ठेवली, नंतर खोडायला: ‘बाबांना विचारून लिहायचं आहे. आई म्हणते हो.’ संध्याकाळी जावयाने हसऱ्या माणसाचा फोटो काढून तिथे स्कूलच्या गाडीचा टाकला आणि उत्साहाच्या भरात, बायकोला न विचारता, सगळी पानं एका बटणात जगासमोर खुली केली. विमा कंपनीत त्याला एखाद्या कागदावरची अंतिम मोहोर मारायला कधी मिळाली नव्हती. ती इच्छा अशी पूर्ण झाली.

सोमवारी सकाळी काकू खोलीचं कुलूप उघडत होत्या, तेव्हाच आत फोन वाजत होता.

"नमस्कार. ते तुमच्या वेबसाइटवर वाचलं. विचारलंत का त्यांना?"

"काय विचारलं?"

"सर ओरडतात का, ते. बाबांना विचारून लिहिणार होतात ना?"

काकू काही बोलायच्या आत दुसऱ्या फोनची सूचना येऊ लागली. तो ठेवला की तिसरा. कोणीतरी ते पान कोणालातरी पाठवलं होतं, त्याने आणखी कोणाला. दुपारपर्यंत जणू माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली आहेत आणि पुढच्या भागाची वाट बघत आहेत, अशी परिस्थिती झाली. एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या ऑफिसात यावर दोन गट पडले आहेत. एका आजोबांनी, शिकायचं काही नाही, पण उत्तर आलं की कळवा, म्हणून नंबर दिला. आणि या सगळ्यांत, आश्चर्य म्हणजे, बऱ्याच जणी खरोखर वर्गाच्या वेळा विचारत होत्या, फक्त प्रत्येक बाई शेवटी म्हणायची, "नाव उत्तर आल्यावर नोंदवते."

मुलगी कामावरून धावतपळत आली. तिच्या पाठोपाठ जावई आला, तोंड लपवायला जागा शोधत. पण त्याला बोलायलाच हवं होतं. "खोडायच्या आधी एक बघा," तो म्हणाला. "काल रात्रीपर्यंत आपलं पान कोणी उघडलंच नव्हतं. आज उघडतायत, आणि पळून जात नाहीयेत. सगळं वाचतायत. चाळिशीनंतर, पन्नाशीनंतर, सगळं. आणि मग परत वर जाऊन तो प्रश्न बघतायत, की उत्तर आलं का."

"खोड!" सर वर्गावरून परत येऊन दारात उभे होते. एका नव्या विद्यार्थिनीने त्यांना तोच प्रश्न गाडीतच विचारला होता. "आत्ताच्या आत्ता खोड ते! घरातलं बोलणं रस्त्यावर मांडायचं म्हणजे काय!"

"खोडलं तर लोक समजतील, उत्तर हो आहे," मुलगी म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. काकू पाणी प्यायला उठल्या होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवायची अजिबात घाई केली नाही. शेवटी सरांनीच फोन उचलला. पलीकडून एक नाजूक, घाबरा आवाज आला. स्पीकर सकाळपासून चालूच होता, त्यामुळे तो सगळ्यांनी ऐकला.

"अहो, ते सर ओरडतात का?"

"नाही!" सर गरजले.

मग तो आवाज म्हणाला, "कळलं," आणि फोन बंद झाला.

शेजारच्या चष्मेवाल्यांनी या वेळी भिंतीवर टकटक केलं नाही. ते सरळ दारात येऊन उभे राहिले आणि तोंडावर हात धरून परत गेले.

सर बाकावर बसले. इतक्या वर्षांत त्या बाकावर ते पहिल्यांदाच बसत होते. तो विद्यार्थ्यांचा बाक होता. त्यावर बसलं की गिअरबॉक्सचं फाडलेलं पोट बरोबर डोळ्यांसमोर येतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते थोडा वेळ त्या दात्यांकडे बघत राहिले.

"मी सिद्ध करून दाखवतो," ते म्हणाले. "कोणालाही बसवा गाडीत. अगदी कोणालाही. न ओरडता शिकवून दाखवतो. मग लिहा."

"मी बसते," काकू म्हणाल्या.

मुलीचा हात टाइप करता करता थांबला. जावयाने पुन्हा नाड्यांकडे मोर्चा वळवला.

"तू कशाला?" सर म्हणाले. "तुला कुठे... शिकाऊ परवाना लागतो. पंधरवडा जाईल त्यात."

काकूंनी पर्स उघडली आणि परवाना टेबलावर ठेवला. त्यावरच्या फोटोत त्या हसत नव्हत्या. समोर बघत होत्या. सरांनी तो उचलला, सवयीने तारीख तपासली, आणि तारीख योग्य निघाल्यामुळे त्यांचा शेवटचा मुद्दाही संपला.

"साक्षीदार हवा," मुलगी म्हणाली. "तू जा रे त्यांच्याबरोबर. मी फोन बघते."

"मी?" जावई म्हणाला.

"बटण कोणी दाबलं?"

तो निमूटपणे मागच्या सीटवर जाऊन बसला आणि कोणी सांगायच्या आधीच त्याने पट्टा लावला.

सुरुवातीला सरांनी जो आवाज काढला, तो कोणी पूर्वी ऐकलेला नव्हता. आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसे ते बोलत होते. "आता... क्लच दाबला जावा," ते म्हणाले. "गिअर... हळुवारपणे टाकला जावा." एवढं बोलताना त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसू लागल्या होत्या.

"अहो, श्वास घ्या," काकू म्हणाल्या.

"घेतला जातोय."

गाडी निघाली. काकूंच्या हातांना इतक्या वर्षांचं ऐकलेलं सगळं पाठ होतं, फक्त त्या हातांनी ते कधी केलेलं नव्हतं. स्टिअरिंग त्यांना वाटलं होतं त्याहून हलकं निघालं आणि रस्ता वाटला होता त्याहून अरुंद. एका पेट्यांनी भरलेल्या हातगाडीला त्यांनी एवढी जागा सोडली की पलीकडच्या दुकानदाराने आपलं स्टूल आत घेतलं. सरांच्या पायाखाली शिक्षकाचा वेगळा ब्रेक होता. त्यांचा पाय त्यावर तयारीत होता. तोंड गच्च मिटलेलं होतं. डोळे मात्र ओरडत होते.

"बाबा छान करतायत," जावई मागून म्हणाला.

"तू गप्प बस," दोघंही एकदम म्हणाले.

चौक आला. सिग्नल लाल होता. काकूंनी गाडी थांबवली, जवळजवळ रेषेवरच. मग हिरवा झाला, काकूंनी क्लच सोडला, गाडीने एक आचका दिला आणि ती बंद पडली.

मागे एक कुरियरची व्हॅन होती. तिने लगेच हॉर्न वाजवला. काकूंनी किल्ली फिरवली. गाडी पुन्हा आचका देऊन गप्प झाली. व्हॅनने आता हॉर्नवरून हात काढलाच नाही. बाजूच्या गाडीतली दोन माणसं वळून बघू लागली. सरांनी शेजारी पाहिलं. काकूंनी हँडब्रेक ओढला होता. आणि त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवरून निघून दाराच्या कडीवर गेला होता.

जावयाने नंतर सगळ्यांना सांगितलं की त्याने सरांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं; त्याने स्वतः पहिल्यांदा गाडी मागे घेतली होती तेव्हासुद्धा नाही.

सरांनी काच खाली केली, कमरेपर्यंत बाहेर झुकले आणि व्हॅनकडे तोंड करून तो आवाज सोडला, जो गाडीत बसल्यापासून गळ्यात कोंडलेला होता.

"दिसत नाही का रे! शिकतायत त्या! पाटी लावलीय मागे एवढी मोठी! तू काय जन्मलास तेव्हा चौथ्या गिअरमध्ये होतास? तुझी कधी बंद पडली नाही? कुरियर पोचेल तुझं! नाही पोचलं तर मी चालत नेऊन देतो! हात काढ त्या हॉर्नवरचा!"

हॉर्न बंद झाला. चौकातले बाकीचे हॉर्नही, त्यांचा काही संबंध नसताना, बंद झाले. फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाने हातातला फोन खिशात ठेवला. सिग्नल पुन्हा लाल झाला आणि कोणी हललं नाही.

सर आत आले. काच वर केली. केस बसवले. आणि मग, नेहमीच्या, घरात मीठ मागतात त्या आवाजात म्हणाले, "हं. घाई नाही. न्यूट्रल कर आधी. हिरवा जेव्हा व्हायचा तेव्हा होईल."

काकूंचा हात कडीवरून परत आला.

गाडी सुरू झाली. दिवा हिरवा झाला. या वेळी आचका बसला, पण गाडी बंद पडली नाही. चौक ओलांडल्यावर पुढे रस्ता फुटत होता. काकूंनी उजवीकडचा इंडिकेटर लावला.

"स्कूल डावीकडे," सर म्हणाले.

"माहीत आहे."

"मग उजवीकडे का?"

"इंडिकेटर वेळेवर दिला की नाही, ते सांगा."

"दिला."

"आरसा बघितला?"

"बघितलास."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या आणि वळल्या.

तो रस्ता शहराबाहेर जात होता. पुढे बसचे मोकळे थांबे लागले, ज्यांच्या शेडखाली आता कोणी उभं नव्हतं. सर मधेमधे "आरसा" म्हणत होते, एकदा "थोडं डावीकडे" म्हणाले. एका खड्ड्याच्या वेळी त्यांनी तोंड उघडलं, पण खड्डा काकूंनी आधीच चुकवला होता, म्हणून ते तसंच मिटलं. मागे जावई मोबाइलवर काहीतरी टिपत होता. त्याला विचारलं असतं तर त्याने ‘नवे क्षितिज’ वगैरे काहीतरी सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

बहीण वाळत घातलेल्या चादरी काढत होती. फाटकाशी गाडी थांबली, थोडी तिरकी, एक चाक गवतावर. बहिणीने आधी डावीकडच्या सीटवरचे सर पाहिले. मग पलीकडे कोण आहे ते पाहिलं. तिच्या हातातली चादर खाली पडली.

"अगं बाई! तू? तू आणलीस?"

"आणली."

"भाऊजी, खरंच हिने आणली?"

"अगदी नियमाने आणली," सर म्हणाले. "पार्किंग सोडून."

"बरं, मग पाणी पिऊन निघू," असं त्यांच्या तोंडावर आलं होतं, ते दिसलं. पण काकूंनी किल्ली काढून पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली आणि बहिणीचा हात धरून आत गेल्या. सर आणि जावई थोडा वेळ गाडीपाशी उभे राहिले. मग सरांनी खाली पडलेली चादर उचलली, जावयाने दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी मिळून तिची घडी घालायचा प्रयत्न केला. ती तिसऱ्यांदा उलगडली, तेव्हा ते तशीच गुंडाळून आत आले.

आत बहिणी सुनेच्या विषयावर आल्या होत्या आणि तो मुळापासून सुरू झाला होता. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"आई, कुठे आहात तुम्ही? फोन थांबत नाहीयेत. चौकात कोणीतरी काहीतरी बघितलंय म्हणे. एक बाई तर इथे येऊन बसल्यायत. उत्तर काय लिहू?"

काकूंनी फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "लिही. सर ओरडतात का? हो, ओरडतात. मागच्या गाडीवर."

"हो शब्द पहिला नको," सर म्हणाले.

"खोटं लिहायचं नाही असं ठरलंय ना, बाबा," मुलगी फोनमधून म्हणाली.

"अजून लिही," काकू म्हणाल्या. "शिकणाऱ्यावर ओरडले, तर काकूंना सांगा."

सरांनी हरकत घेण्यासाठी तोंड उघडलं. बहिणीने त्यांच्यासमोर बशी सरकवली आणि ते बिस्किटाकडे वळले. जावई म्हणाला की शेवटी ‘आपला विश्वास, आमची वाट’ असं काहीतरी घालता येईल. त्यालाही बिस्कीट देण्यात आलं.

"टाकलं," मुलगी म्हणाली. पलीकडे की-बोर्डचा आवाज आला आणि मागे कोणीतरी बाई मोठ्याने हसली. "या बाई म्हणतायत, नाव नोंदवायचंय, पण काकूंशीच बोलायचंय. किती वाजता येणार म्हणून सांगू?"

काकूंनी बहिणीकडे पाहिलं. बहीण पाय वर घेऊन खुर्चीत नीट बसली होती आणि सुनेच्या आईपर्यंत आली होती. मुख्य भाग अजून पुढेच होता.

"त्यांना सांग, काकू बाहेर गेल्यायत," काकू म्हणाल्या. "आणि तेही वेबसाइटवर टाक. उद्या फोन करा म्हणावं."